पटकीचे कोडे आणि कलकत्त्याचे डॉक्टर

आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की त्यांचा नेमका अर्थ आजच्या तरुण मुलांना विचारला तर सांगता येत नाही. पण जुन्या शिव्याशापांत ते अजून टिकून आहेत. ‘पटकी’ हा त्यांपैकी एक. खेड्यातली म्हातारी माणसे रागाच्या भरात कुणाला पटकीचा शाप देत, तेव्हा त्या एका शब्दात केवढे भय साठलेले असे, याची कल्पना आज येणार नाही. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट गडी दुपारी जुलाब-उलट्यांनी आडवा होई आणि दिवस मावळायच्या आत त्याची तिरडी बांधावी लागे. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत याच रोगाला ‘हैजा’ म्हणत, शेजारच्या घरात ‘महामारी’ म्हणत आणि सरकारी दप्तरात ‘कॉलरा’ लिहीत. नावे वेगवेगळी होती, मरण मात्र एकाच तऱ्हेने येत होते.

आणखी एक नाव आहे. ‘मोडशी’ हा शब्द आज आपण साध्या अपचनासाठी वापरतो. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी तो इथल्या लोकांच्या तोंडून ऐकला तो एका भयंकर रोगाचे नाव म्हणून. गास्पार कोरेया याने १५४३ साली गोव्यात आलेल्या अशा एका साथीचे वर्णन लिहून ठेवले आहे. १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही या रोगाची लक्षणे आणि त्याचे इथले नाव दिलेले आहे. पोर्तुगिजांनी मोडशीचे ‘मोर्देशिम’ केले. फ्रेंचांनी ते ऐकून त्यात आपल्या भाषेतला ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असा अर्थ बसवला. एका मराठी-कोकणी शब्दाचा हा प्रवास मोठा गमतीचा आहे. पण त्या फ्रेंच अर्थात रोगाचे रूप नेमके उतरले आहे, हेही खरे.

रोगाचे कारण माहीत नसले की माणूस देवाकडे धाव घेतो. आपल्याकडे मरीआई ही पटकीची देवी. गावात साथ आली की मरीआईचा गाडा निघे. देवीची पूजा करून, नैवेद्य दाखवून तो गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर लोटायचा. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्यात एक निरीक्षणही दडलेले होते, ते असे की हा रोग गावोगाव वाटेने चालत जातो, माणसांच्या पायांनी जातो. तो माणसांच्या पोटातून पाण्यात आणि पाण्यातून पुन्हा पोटात जातो, हे मात्र गाडा लोटणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ते त्या काळच्या भल्याभल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

१८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात कॉलऱ्याची मोठी साथ उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ ठोकून बसलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत ती शिरली आणि शिपाई पटापट मरू लागले. पुढच्या काही वर्षांत हा रोग सैन्याबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर, जहाजांबरोबर जगभर फिरला. १८३१-३२ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला. तिथल्या विद्वानांचे मत असे होते की दुर्गंधीने दूषित झालेल्या हवेतून हा रोग येतो. कुजलेल्या वस्तूंमधून विषारी वाफा उठतात, त्या श्वासाबरोबर आत गेल्या की माणूस आजारी पडतो, अशी ती समजूत.

या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी. स्नो हे भूल देण्याच्या कामात निष्णात. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. विष हवेतून येत असेल तर आधी छाती बिघडायला हवी. कॉलऱ्यात तर आधी पोट बिघडते. याचा अर्थ, जे काही शरीरात शिरते ते तोंडावाटे, गिळण्यातून शिरते. १८४९ साली त्यांनी हे मत छापून प्रसिद्ध केले. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात साथ आली, तेव्हा स्नो घरोघर फिरले, कोण कुठले पाणी प्यायले याची चौकशी केली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपावर बोट ठेवले. ८ सप्टेंबर १८५४ रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. त्या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली होती. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. पण पाण्याकडे पाहायला स्नो यांनी जगाला शिकवले.

योगायोग असा की त्याच १८५४ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात फिलिप्पो पाचिनी या शास्त्रज्ञाने कॉलऱ्याने मेलेल्या माणसांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यांत वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव पाहिले. त्याने त्यांना ‘व्हिब्रिओ’ म्हटले. त्याने निबंध छापला, पण कुणी लक्ष दिले नाही. जंतूंमुळे रोग होतो, हे मानायलाच लोक तयार नव्हते. पुढे तीस वर्षांनी जर्मनीचे रॉबर्ट कॉख आधी इजिप्तला आणि मग कलकत्त्याला आले. इजिप्तमध्ये त्याच कामासाठी आलेल्या फ्रेंच पथकातील लुई त्युलिए हा तरुण शास्त्रज्ञ कॉलऱ्यानेच मरण पावला. कॉख यांनी कलकत्त्यात रुग्णांच्या आतड्यांतून आणि तळ्याच्या पाण्यातून स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला आणि फेब्रुवारी १८८४ मध्ये तसे जाहीर केले. पाचिनीला न्याय मिळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जंतूच्या अधिकृत नावाशी त्याचे नाव जोडले गेले.

तरीही सगळ्यांना हे पटले नव्हते. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे आरोग्यशास्त्रातले मोठे नाव. जंतू एकटा रोग करू शकत नाही, त्याला जमीन, ओल, हवामान यांची साथ लागते, असे ते म्हणत. १८९२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखवले. पोटातल्या आम्लाने जंतू मेले असा आक्षेप कुणी घेऊ नये म्हणून त्यांनी आधी सोडा घेतला होता. त्यांना थोडे जुलाब झाले, एवढेच. त्यांचा सहकारी एमरिच यानेही तसे केले. त्याला बराच त्रास झाला, पण तोही वाचला. त्याच वर्षी हॅम्बुर्ग शहरात न गाळलेले नदीचे पाणी पिणाऱ्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे मेली, आणि लागूनच असलेल्या, वाळूतून गाळलेले पाणी मिळणाऱ्या आल्टोना गावात फारच थोडी. वाद तिथेच मिटायला हवा होता.

मित्रहो, जंतू सापडला, त्याची वाटही सापडली. पण मुख्य कोडे सुटलेच नव्हते. हा जंतू माणसाला मारतो कसा? मेलेल्या माणसाच्या रक्तात तो सापडत नाही, हृदयात नाही, मेंदूत नाही. केवळ आतड्यात सापडतो. मग सगळे शरीर काही तासांत कसे कोसळते? जंतू एखादे विष तयार करत असावा, असा कॉख यांचाच तर्क होता. ते विष शोधण्यासाठी पुढची सत्तर वर्षे शास्त्रज्ञ धडपडले. त्यांनी जंतू सशांच्या, गिनिपिगांच्या शिरेत टोचले, पोटाच्या पोकळीत टोचले. प्राणी मेले, पण त्यांना कॉलरा झाला नाही. ते जुलाब, ते तांदळाच्या धुवणासारखे पाणी, काहीच दिसले नाही. मोठ्या प्राण्यांना जंतू पाजले तर ते पचवून टाकत. अनेक जाणकारांनी धरून ठेवलेले मत असे होते की हा जंतू आतड्याच्या आतल्या अस्तराची सालटी काढतो आणि त्या जखमांतून पाणी झिरपते.

हे कोडे सोडवले ते कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी. त्यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. शिष्यवृत्तीवर ते हुगळीच्या मोहसिन कॉलेजात शिकले. हाजी मोहम्मद मोहसिन यांनी ठेवलेल्या धर्मादाय निधीतून १८३६ साली उभे राहिलेले हे कॉलेज. बंगालमधल्या किती तरी हिंदू-मुसलमान मुलांच्या आयुष्याची वाट तिथून सुरू झाली. डे पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, लंडनला जाऊन १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि परत येऊन विकृतिशास्त्राचे अध्यापन करू लागले. हाताशी यंत्रसामग्री तुटपुंजी होती. कॉलऱ्याचे रुग्ण मात्र कलकत्त्याच्या इस्पितळांत वाण्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांसारखे रोज येत होते.

डे यांनी एक सरळ विचार केला. रोग आतड्यात होतो, तर जंतू आतड्यातच ठेवून पाहावा. त्यांनी भूल दिलेल्या सशाचे पोट उघडले, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पिशवीत जंतूंचे द्रावण सोडले. आतडे पोटातच ठेवून पोट शिवले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तो बांधलेला भाग पाण्याने टम्म फुगला होता, आणि आतले पाणी कॉलऱ्याच्या जुलाबासारखेच होते. एरवी आतडे सतत हलत असते, आतले पुढे ढकलत असते, त्यात जंतू वाहून जातो. दोरा बांधल्यामुळे जंतूला ठाण मांडायला सवड मिळाली. हा निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. इतके साधे तंत्र, पण कॉख यांच्यापासूनच्या सत्तर वर्षांत ते नेमकेपणाने उपयोगात आले नव्हते.

पुढची पायरी १९५९ सालची. डे यांनी जंतूंची वाढ केलेले द्रावण इतक्या बारीक गाळणीतून गाळले की त्यात एकही जंतू उरला नाही. ते नितळ पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे तसेच फुगले. म्हणजे जंतू हजर नसला तरी त्याने सोडलेला पदार्थ एकटा हे काम करतो. विष आहे, ते जंतूच्या शरीराबाहेर टाकले जाते आणि ते आतड्यावरच काम करते, हे सिद्ध झाले. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’ या नियतकालिकात हा छोटासा निबंध छापून आला.

इथे आपल्या मुंबईची आठवण काढायलाच हवी. परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी याच कोड्यामागे होते. त्यांनी सशाची दूधपिती पिल्ले घेतली. मोठ्या सशाला न होणारा रोग या पिल्लांना होत होता, हे त्यांनी १९५५ साली दाखवले. आणि १९५९ साली दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांच्या निबंधात जंतूंपासून काढलेल्या द्रव्यानेही पिल्लांना कॉलऱ्यासारखेच जुलाब होतात, हे नोंदवले गेले. या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन १८९३ साली कॉलऱ्याची लस घेऊनच हिंदुस्थानात आले होते, प्लेगचे काम त्यांनी नंतर हाती घेतले. कलकत्ता आणि मुंबई या दोन शहरांनी एकाच वर्षी या विषाचा पुरावा द्यावा, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९६० साली बँकॉकमध्ये युजीन गँगरोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. अस्तर शाबूत होते. सालटी निघते हा जुना समज तिथे संपला.

आता हा जंतू आत गेल्यावर करतो काय, ते थोडे समजून घेऊ. गढूळ पाण्यातून किंवा उष्ट्या-उघड्या अन्नातून लाखो जंतू पोटात जातात. जठरातले आम्ल त्यांतले बहुतेक मारून टाकते. आपला हा पहिला राखणदार. कुपोषणाने ज्याचे आम्ल कमी झाले आहे, किंवा आम्ल मारणारी औषधे जो घेतो, त्याला रोग व्हायला फार थोडे जंतू पुरतात. पेटेनकोफर यांनी सोडा घेतला होता तो याच राखणदाराला झोपवण्यासाठी. वाचलेले जंतू लहान आतड्यात उतरतात. प्रत्येक जंतूला एक शेपटी असते. तिच्या जोरावर तो आतड्यावरच्या चिकट थरातून पोहत पेशींपर्यंत पोहोचतो. तिथे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंनी जंतू एकमेकांना धरतात आणि अस्तराला चिकटून वसाहत करतात. ते पेशीत घुसत नाहीत, भिंत फोडत नाहीत. दारात बसून विष सोडतात.

या विषाचे सहा भाग असतात. पाच भागांचे एक कडे असते. हे कडे पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरील एका विशिष्ट रेणूला जाऊन घट्ट बसते. मधला सहावा भाग पेशीच्या आत नेला जातो. आपल्या पेशीत एक खटका असतो. शरीराचा हुकूम आला की तो चालू होतो आणि काम झाले की आपोआप बंद होतो. विषाचा हा भाग तो खटका चालू स्थितीतच अडकवून ठेवतो. मग पेशीत ‘सायक्लिक एएमपी’ नावाचे रसायन वाढत जाते, क्षार बाहेर टाकणारी दारे उघडी राहतात, आणि क्षारामागोमाग पाणी धावते. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि जवळजवळ सगळा परत शोषला जातो. पाटाचे दार कुणी तोडले नाही, नुसते उघडे अडकवून ठेवले, तरी सगळी विहीर रिकामी होते. तसे हे घडते. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, हातापायांत गोळे येतात, बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतते, रक्त घट्ट होते. माणूस मरतो तो पाण्यावाचून.

जंतूला याचा फायदा काय? त्याला पुढच्या माणसाकडे जायचे असते. जुलाबाच्या लोंढ्यातून तो अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतो आणि विहिरीत, ओढ्यात, तळ्यात मिसळतो. नुकताच बाहेर पडलेला जंतू काही तास अधिक जोमदार असतो, असे २००२ सालच्या संशोधनाने दाखवले. त्याहून नवलाची गोष्ट १९९६ साली वॉल्डर आणि मेकॅलॅनॉस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उघड केली. विष बनवण्याची विद्या मुळात या जंतूची नाही. जंतूला लागण करणारा एक विषाणू असतो, त्याने ती त्याच्या शरीरात आणून सोडली. ज्या तंतूंनी जंतू आतड्यात वसाहत करतो, त्याच तंतूंना धरून हा विषाणू जंतूत शिरतो. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या संगमात राहणारे या कुळातले असंख्य जंतू आपल्याला काहीच करत नाहीत. ज्याला हे दोन्ही मिळाले, तोच घातक ठरला.

आतड्याचे सगळेच शत्रू असे वागत नाहीत. जपानच्या कियोशी शिगा यांनी १८९७ साली शोधलेला, रक्ती आव करणारा जंतू पेशीत शिरतो, एका पेशीतून शेजारच्या पेशीत जातो आणि अस्तराची नासधूस करतो. म्हणून रक्त पडते. तो इतका चिवट की काही दहा-शंभर जंतूही पुरतात. विषमज्वराचा जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो, यकृत-प्लीहेत मुक्काम करतो आणि सगळ्या अंगात ताप भरतो. आपल्या आतड्यात एरवी सुखाने राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचे काही प्रकार मात्र कॉलऱ्यासारखेच विष सोडतात. हा माग काढण्यातही डे पुढे होते. अतिसाराच्या रुग्णांकडून मिळवलेल्या ई. कोलायवर त्यांनी तीच बांधलेल्या आतड्याची परीक्षा लावली आणि १९५६ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान मुलांच्या जुलाबांमागचे एक मोठे कारण पुढे याच वाटेने उलगडले.

डे यांच्या शोधाचे मोल कळते ते उपचाराकडे पाहिले की. पेशी शाबूत आहे, एक दार अडकले आहे, तर दुसरे दार उघडे असू शकते. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी सांगितले की आतड्यात साखर आणि मीठ हातात हात घालून आत जातात. कॉलऱ्याचे विष या दाराला हात लावत नाही. म्हणजे नुसते पाणी पाजले तर वाहून जाईल, पण मीठ-साखर घातलेले पाणी शरीर आत घेईल. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच तोंडाने क्षार-साखरेचे पाणी देऊन रुग्ण बरे केल्याचे लिहिले होते. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ते काटेकोर मोजमापाने सिद्ध केले.

आणि मग आले १९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून पळालेली लाखो माणसे सीमेवरच्या छावण्यांत कोंबली गेली होती. पावसाळा आला, कॉलरा आला. बनगावच्या इस्पितळात रुग्ण जमिनीवर, मल-उलट्यांत पडलेले. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधल्या, नळ लावलेल्या पिंपांत ते पाणी कालवले आणि नातेवाइकांच्याच हाती वाट्या दिल्या. पाजत राहा, एवढेच सांगितले. जिथे शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, तिथे त्यांच्या नोंदीतील रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला वाटीवाटीने पाजून मरणाच्या दारातून परत आणले. पुढे या पुडीने जगभर कोट्यवधी मुलांचे प्राण वाचवले. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

डॉ. डे यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९७३ साली ते निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने कॉलऱ्यावरील परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला बोलावले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. पण आपल्या देशातल्या विज्ञान अकादमींनी त्यांना आपला सभासद करून घेतले नाही, की कुठला मोठा पुरस्कार दिला नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले. पाच वर्षांनी, १९९० साली, ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला. पाचिनी आणि डे या दोघांची गोष्ट सारखीच आहे. शोध लावणाऱ्याला हयातीत ओळखण्याची सवय आपण अजून लावून घ्यायची आहे.

या रोगाच्या इतिहासात आणखी एक धडा आहे, तो दोष देण्याचा. १८६५ साली हजच्या दिवसांत मक्केत कॉलरा पसरला आणि तिथून जहाजांनी युरोपात गेला. दुसऱ्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बोटे यात्रेकरूंकडे वळली. पंढरपूर, हरिद्वार, मक्का सारी एकाच यादीत. युरोपात या रोगाचे नावच ‘एशियाटिक कॉलरा’ पडले. १९०५ साली सिनाईतल्या एल टोर या विलगीकरण केंद्रात, मक्केहून परतणाऱ्या हाजींमध्ये, जंतूचा एक नवा प्रकार सापडला. त्याचेही नाव ‘एल टोर’च पडले. हाच प्रकार १९६१ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटातून निघाला, १९६४ साली भारतात आला आणि त्याची साथ अजून संपलेली नाही. वारीला निघालेल्यांना कॉलऱ्याची लस टोचली जाई, हे जुन्या वारकऱ्यांना आठवत असेल. वारकरी काय आणि हाजी काय, दोघेही श्रद्धेने चालत होते. त्यांना प्यायला मिळाले ते पाणी घाण होते. गुन्हा पायांचा नव्हता, पाण्याचा होता आणि ते पाणी पुरवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांचा होता. २०१० साली हैतीत कॉलरा आला तो शांतिसेनेच्या छावणीतल्या मैल्यातून. तिथे कुणी यात्रेकरू नव्हते.

हा सगळा जुना इतिहास झाला, असे म्हणून आपल्याला उठता येणार नाही. २०१७ साली युद्धाने मोडलेल्या येमेनमध्ये संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. आणि आपल्याच राज्यात, २०२२ च्या जुलैत, अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात आदिवासी वस्त्यांनी विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने कॉलऱ्याची साथ आली आणि माणसे दगावली. जंतूची सारी कुंडली मांडून झाली आहे. त्याची जनुके २००० साली वाचून झाली. तोंडाने घेण्याची लस आहे, पुडी आहे, औषधे आहेत. तरी माणसे मरतात, कारण पाणी पोहोचत नाही.

बांगलादेशातल्या मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. पाण्यातले बारीक किडे हे या जंतूचे घर असते. बायांनी जुन्या सुती साडीची चौपदरी-आठपदरी घडी घागरीवर बांधून पाणी गाळले, तेव्हा त्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. जुने, धुऊन धुऊन विटलेले लुगडे अधिक चांगले, कारण त्याच्या धाग्यांची वीण दाट झालेली असते. आपल्याकडेही घागरीच्या तोंडावर फडके बांधूनच पाणी भरत असत. गाळल्याने सगळे जंतू जात नाहीत. उकळलेले किंवा क्लोरिन टाकलेले पाणीच खात्रीचे. पण जिथे सरपण नाही आणि नळ नाही, तिथे ते फडकेही काही जीव वाचवते.

एवढे मात्र प्रत्येक घरात पाठ असावे. जुलाब सुरू झाले की पाणी तोडू नका. एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेले पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडू देऊ नका. दुकानातली किंवा सरकारी दवाखान्यातली पुडी मिळाली तर त्याहून चांगले. घोट घोट पाजत राहा, अंगावरचे मूल असेल तर आईचे दूध चालू ठेवा, आणि डोळे खोल गेलेले दिसले, रुग्ण गळून गेला, तर दवाखाना गाठायला उशीर करू नका. बनगावच्या छावणीत शिकलेला हा धडा आहे आणि तो पाळायला डॉक्टर घरी असावा लागत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)